वारीत तिच्या मांडीवर माझा पाय होता, घरी तिच्या हातात कोनाड्यातला कप

मंगळवेढ्याची बाई

नमस्कार. मी इथे बरीच वर्षं नुसती वाचते. आज लिहायला बसले आहे, हात अडतोय, तरी लिहिते.

मी मंगळवेढा तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. आळंदी ते पंढरपूर पायी वारीची ही माझी चौथी खेप. आमच्या राहुटीशेजारी जत तालुक्यातल्या बायकांचं पाल पडायचं. त्यांतली एक माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी. नाव इथे लिहीत नाही. मी तिला आक्का म्हणते.

दिवे घाटात माझ्या उजव्या टाचेला फोड आला. जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, तसाच रेटला. फलटणच्या मुक्कामी मी लंगडत पाण्याच्या टँकरकडे निघाले तेव्हा आक्कानं पाहिलं. "बस खाली," म्हणाली. सुईत दोरा ओवला, खोबरेल तेलात बुडवला, माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. दिवसभराचा चिखल लागलेला पाय. आधी पदराच्या टोकानं टाच पुसली, मग फोडातून दोरा आरपार काढला आणि दोन्ही टोकं तशीच लोंबती ठेवली. "पाणी आपसूक निथळतंय. कातडं सोलू नगंस." रात्री दोनदा कंदील घेऊन बघून गेली. माझ्या आईनंतर माझा पाय असा कुणी मांडीवर घेतला नव्हता.

पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर बरोबरच चाललो. तिच्या डोक्यावर तुळस असायची, मान भरून आली की मी घ्यायची. पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभं राहायची ताकद दोघींत उरली नव्हती. कळसाला हात जोडले, नामदेव पायरीला टेकलो, समोर चोखोबांच्या समाधीला टेकलो. तिथून आक्का लवकर उठेना. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला. तिनं माझ्या तोंडात घास घातला, मी तिच्या.

तिची गाडी मंगळवेढ्यावरूनच पुढे जाणार होती. मी म्हटलं, घरी चल, चहा घेऊन जा.

माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या. ओसरीवर बसल्या होत्या. पंढरीहून आलेल्या माणसाच्या पायाशी वाकायचं हा आमच्या घरचा रिवाज. त्या काठी बाजूला ठेवून उठल्या आणि वाकून आक्काच्या पाया पडल्या. "माउली," म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. मग विचारपूस सुरू झाली. गाव कुठलं, पाऊसपाणी कसं, आडनाव काय. आणि मग, "गावात घर कुठंशी गं?"

आक्का सरळ म्हणाली, "मातंग वस्तीत. शाळंच्या मागं."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. काठी टेकत अंगणात गेल्या. आमच्या दाराबाहेर भिंतीत कोनाडा आहे, त्यात एक कप पालथा घातलेला असतो. पांढरा, निळ्या काठाचा, कान तुटलेला. शेतात कामाला येणाऱ्यांचा. माझं लग्न झालं तेव्हापासून हा किंवा ह्याच्या आधीचा कप तिथेच आहे. त्यांनी तो विसळून आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

त्यात चहा मी ओतला. हे वाक्य तीन वेळा खोडून परत लिहिलं आहे. ओतणारी मीच, माझा हात कुणी धरला नव्हता.

आक्का चहा प्यायली. उठून अंगणातल्या नळावर गेली, कप धुतला आणि जाऊन त्या कोनाड्यात पालथा ठेवला. कुठे ठेवायचा हे तिनं विचारलं नाही. मी दाखवलंही नव्हतं. मग पिशवी उचलून म्हणाली, "येते माउली," आणि चारच्या गाडीनं गेली.

सासूबाई वाईट बाई नाहीत. नातवंडांना रोज रात्री दामाजीपंतांची गोष्ट सांगतात, इथलीच ना ती. दुष्काळात दामाजींनी सरकारी कोठारं उघडली, बादशहाचं बोलावणं आलं, आणि पांडुरंग स्वतः विठू महार होऊन बिदरला धान्याचे पैसे भरायला गेला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. दर वेळी येतं. आणि तो विठू आमच्या अंगणात आला असता तर त्यालाही कोनाड्यातलाच कप मिळाला असता, हे माझ्या इतक्या वर्षांत मनात आलं नाही. शाळेत दुपारच्या खिचडीला मी पोरांना एका पंगतीत बसवायची, कुणी सरकून बसलं तर स्वतः मध्ये जाऊन बसायची. "सारे भारतीय माझे बांधव आहेत" हे रोज सकाळी पोरांकडून म्हणवून घेतलं. घरी येताना तो कोनाडा मी रोज ओलांडत होते.

आठ दिवसांनी आक्काचा फोन आला. विचारते काय, "टाच भरली का?" कपाचा विषय नाही.

मला तिच्याकडे जायचंय. काय म्हणून जाऊ? माफी मागितली तर ती तिच्यासाठी असेल, की माझी झोप परत यावी म्हणून? आणि सासूबाईंचं काय करू? नवरा म्हणतो, गवंडी बोलावून कोनाडाच बुजवून टाकू.

वीणेकरी

ताई, गावाचं नाव वाचलं आणि थांबलो. चोखोबा तुमच्याच मंगळवेढ्यात गेले. गावकुसाचं काम चाललं होतं, वेठीला धरून आणलेली माणसं राबत होती. कूस कोसळलं आणि सगळे खाली गाडले गेले. साल १३३८. नामदेवराय अस्थी न्यायला आले तेव्हा कुठल्या कुणाच्या ते कळेना, मग ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती त्यांनी उचलली, असं आम्ही कीर्तनात सांगतो. ज्याला कुसाच्या आत घर बांधायची मुभा नव्हती त्याच्याकडून कूस बांधून घेतलं, आणि तेच त्याच्या अंगावर पडलं. इथे मी टाळ थांबवायला सांगतो. पुढचं वाक्य मला पटकन म्हणता येत नाही.

तुम्ही दोघी जिथे टेकलात त्या समाधीपासून देवळाची पायरी हाताच्या अंतरावर. ती चढायला चोखोबांच्या माणसांना सहाशे वर्षं लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले, त्याआधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवत होते. माझे वडील तेव्हा १२ वर्षांचे, आत्याकडे पंढरपुरात राहायला. घरची मोठी माणसं गुरुजींच्या विरोधात. वडील चोरून मठाकडे जाऊन आले आणि त्याबद्दल त्यांनी मार खाल्ला. पुढे मी वीणा घेतली तेव्हा त्यांनी एकच मागितलं: चोखोबांचं आख्यान लावशील तेव्हा आधी वस्तीवर जाऊन लाव, मग देवळात. मी ते दर वेळी पाळलेलं नाही. तुमचं वाचून आज ते फार लागलं.

तुम्ही माफीचं विचारलंत. त्यातलं मला काय कळणार? पण भिंतीची एक गोष्ट सांगावीशी वाटते, तुम्हालाही पाठ असेल. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आले, तेव्हा ही चार भावंडं आळंदीत पडक्या भिंतीवर बसली होती. ती भिंत अजून तिथे दाखवतात. आपण चमत्कार म्हणून सांगतो आणि पुढे जातो. पण ही भावंडं कोण? संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, मुंज नाकारली, शुद्धिपत्रासाठी पैठणापर्यंत चालत जायला लावलं. भिंत म्हणजे काय हे त्यांना लहानपणीच कळलेलं. तरी ज्ञानदेवांनी ती पाडली नाही. तिच्यावर बसले आणि तिलाच सामोरी घेऊन गेले. असं का, यावर मी चाळीस वर्षं विचार करतोय. दर वर्षी थोडं वेगळं उत्तर येतं.

बांधावरचा

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ८४ वर्षांच्या म्हाताऱ्या माणसाला आता काय बदलवणार? कप उचलून आपटा, कोनाडा बुजवा, त्या बाईंना एक लुगडं-चोळी पाठवा आणि मनातून काढून टाका. आमच्याकडे पाचसहा वर्षांपूर्वी वडिलांनी असंच केलं, परत विषय निघाला नाही.

जतची लेक

वरच्या दादांना: विषय तुमच्या घरात निघाला नाही. ज्यांचा कप होता त्यांच्या घरात निघाला असेल.

बाई, मी त्याच तालुक्यातली, त्याच समाजातली. आता पुण्यात नोकरी करते. तुमचं लिहिणं खरं आहे म्हणून उत्तर देते, नाहीतर अशा गोष्टी वाचून मी पुढे जाते.

"कुठे ठेवायचा हे तिनं विचारलं नाही" असं तुम्ही लिहिलंत आणि त्यात तुम्हाला तिचा मोठेपणा दिसला असावा. तो मोठेपणा नव्हता. मी पाच वर्षांची असताना आईनं मला हे शिकवलंय. दुसऱ्याच्या अंगणात गेलं की आधी डोळ्यांनी कोनाडा शोधायचा. चहा दिला तर प्यायचा. "राहू दे" म्हणाले तरी कप आपण धुवायचा, आणि पालथा घालायचा, म्हणजे धूळ जाऊन पुढच्याला त्रास नको. पाणी मागायचं नाही. दिलं तर ओंजळ तोंडाशी धरायची, कोपरावरून ओघळ जातो, फ्रॉक भिजतो, तो वाळेपर्यंत घरी जायचं नाही, कारण बाबांना कळलं तर ते चिडतात. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ होतं. तुमच्या आक्काला ६० वर्षं पाठ आहे.

माझे आजोबा वारी करायचे. बाबांनी वारी सोडली आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. आजोबांनी विठ्ठलाचा काढू दिला नाही. दोन्ही फोटो अजून एका खिळ्याच्या अंतरावर आहेत. लहानपणी मला वाटायचं दोघांचं भांडण आहे. मोठेपणी कळलं की बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत. नंदनार, रविदास आणि चोखामेळा. हे मी बाबांना वाचून दाखवलं त्या दिवशी ते आजोबांच्या खाटेवर जाऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसते बसले.

महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. शंभर वर्षं होत आली. गोष्ट अजून पाण्याची आणि कपाचीच चालली आहे म्हणून मला तुमच्यावर राग येतोय, आणि तुम्ही लिहिलंत म्हणून तो पुरता येतही नाही.

माफी कुणासाठी विचारलंत. तुमच्यासाठीच. म्हणून पहिल्या भेटीत ती मागू नका. तुमच्या मनावरचं ओझं तिच्या ओसरीवर उतरवून रिकाम्या हातांनी परत याल, आणि ते उचलून ठेवायचं काम तिच्यामागे लागेल. "असू दे गं" तिला म्हणावंच लागेल, दुसरं काय म्हणेल? त्यापेक्षा जेवायला जा. सांगून जा, म्हणजे ती दोन भाकरी जास्त थापेल. पाणी मागून प्या. रात्री राहा. लुगडं अजिबात नेऊ नका.

गवंडी बोलावू नका. कोनाडा बुजला, वर चुना लागला, की उद्या तुमची नातवंडं म्हणतील आमच्याकडे असलं काही नव्हतंच.

आणि एक विचारते. इथे परक्यांसमोर एवढं लिहिलंत. घरात सासूबाईंशी एक तरी शब्द बोललात का?

मंगळवेढ्याची बाई

नाही. बोलले नाही.

तुमचं उत्तर दोन दिवसांत पुष्कळदा वाचलं. फ्रॉकचं वाचून माझ्या वर्गातल्या मुली आठवल्या. त्यांच्यातल्या कुणाकुणाचा फ्रॉक असा भिजलेला असायचा, आणि मी ओरडायची, नळावर खेळता म्हणून. आधी घरात बोलते, मग इथे लिहिते.

मंगळवेढ्याची बाई

दीड महिना झाला. काही जणांनी विचारलं होतं म्हणून लिहिते.

सासूबाईंशी बोलले. त्या तुळशीपाशी वाती वळत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही तिच्या पाया पडलात आणि मग तिला तो कप दिलात. चहा मी ओतला. मला ते सोसवत नाही." त्या म्हणाल्या, "रीत हाय ती. मी का घातली?" मी म्हटलं, आपण पाळतो तर आपलीच. वात हातातच राहिली, उठून आत गेल्या. चार दिवस माझ्या हातचं जेवल्या पण बोलल्या नाहीत. कप कोनाड्यातच आहे, मी हलवलेला नाही. शेंगा काढायला बायका येतात त्यांना मी घरातल्या कपांतून, ओसरीवर बसवून चहा देते. पहिल्या दिवशी त्यांतली एक उठून कोनाड्याकडेच गेली, सवयीनं. तिला परत बोलावताना मला माझा आवाज ओळखू येईना. सासूबाई त्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसतात.

घटस्थापनेच्या आधी आक्काकडे गेले. कळवून गेले, रिकाम्या हातांनी गेले, त्याचं फार अवघड वाटलं. रस्त्यात दोनदा वाटलं उतरून निदान केळी घ्यावीत. गेल्या गेल्या पाणी मागितलं. तांब्या दिला, मी प्यायले. तिच्या दारात भुईमुगाच्या वेलांचा ढीग पडला होता. म्हणाली, "बस. हात रिकामे कशाला?" दोघी शेंगा तोडत बसलो. ओल्या मातीनं नखं भरली. दोन तास झाले, तिनं सुनेचं, नातीचं, पावसाचं सांगितलं. मी काहीच काढलं नाही. जतच्या लेकीनं बजावलं होतं.

तिनंच काढलं. खाली बघत, शेंगा तोडत.

"ह्या साली तुझं तिसरं घर," म्हणाली. "वारीची माणसं बोलवत्यात. मी मोजतीया."

मी हात थांबवले. ती म्हणाली, "तोड की." मग म्हणाली, "तुझी सासू पाया पडली, लई गोड वाटलं. पर ती आधी पडली. घर कुठंशी इचारल्यावर पडली असती तर मी मानलं असतं."

मला रडू आलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, समजूतही घातली नाही, आणि तेच बरोबर होतं. थोड्या वेळानं उठून चुलीकडे गेली. बाजरीची भाकरी, घेवड्याची उसळ, हिरव्या मिरचीचा खर्डा. मी तिच्या पितळीत जेवले. रात्री राहिले. तिच्या शेजारीच वाकळ टाकली होती. वारीत पालात झोपायचो तसंच, फक्त छप्पर तिचं होतं. अंधारात मी एवढंच म्हणाले, "आक्का, चहा मी ओतला होता." ती म्हणाली, "ठावं हाय. मी बघत हुते." बराच वेळ गेला. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "टाच दाव सकाळी."

सकाळी खरंच बघितली. निघताना म्हणाली, "कार्तिकी झाली की नातीचं जावळ हाय. ये. म्हातारीलाबी आण."

वीणेकरी, तुमची भिंत चालवायची गोष्ट तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून आहे.

घरी येऊन मी सासूबाईंना निरोप जसाच्या तसा सांगितला. पाया पडण्याबद्दल आक्का काय म्हणाली तेही सांगितलं, एक शब्द गाळला नाही. त्या ऐकून गप्प. दोन दिवस गप्प. दामाजीपंतांची गोष्ट त्या दोन रात्री झाली नाही, नातवंडं मागत होती तरी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासाठी भाकरी दुधात कुस्करत होते, त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"एवढ्या लांब गाडीत मला बसवंल का?" म्हणाल्या. मी म्हटलं, बसवेल, पुढची जागा धरू.

मग म्हणाल्या, "मला दात न्हाईत. ती भाकरी अशी कुस्करून दील का?"

मी म्हटलं विचारते, आणि आक्काला फोन लावला.